अर्ध्यावर समझोता

आमच्या ह्यांनी आयुष्यात दोन गोष्टी मनापासून केल्या. एक, फॅक्टरीत लेथ मशीन चालवलं, आणि दोन, मॅनेजमेंटशी वाटाघाटी केल्या. संसार त्यांनी जेवणाच्या सुट्टीत उरकला, असं मी चारचौघांत म्हणायची आणि ते मान हलवून कबूल करायचे. कबूल करणं हीसुद्धा त्यांची चालच. छोटं काहीतरी पटकन मान्य करून टाकलं की समोरचा मोठं मागायला विसरतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

सासरे अमरावतीकडून इथे जबलपूरला संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत लागले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण जे तोंडात येईल त्यात. आमच्या मराठीला पुण्याची माणसं हसतात. मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यापासून त्यालाही ते जमायला लागलं आहे. मी स्वतः पोस्टात होते, खिडकीवर. जन्मभर लोकांच्या रांगेला तोंड दिलं, म्हणून माझ्या जिभेला धार आली असं नातेवाईक म्हणतात. मी म्हणते, धार आधीपासूनच होती, सरकारने तिचा पगार दिला.

तर वाटाघाटी. त्यांची पद्धत ठरलेली असायची. सेफ्टीचे बूट असोत, कॅन्टीनचा चहा असो की ओव्हरटाइम, जेवढं पाहिजे त्याच्या दुप्पट मागायचं. मॅनेजमेंट म्हणणार, काहीच मिळणार नाही. मग आपण काम बंदची नोटीस द्यायची, गेटवर सभा घ्यायची, घसा बसेपर्यंत जिंदाबाद करायचं, आणि शेवटी एका टेबलाशी बसून, चहा पीत पीत, बरोबर निम्म्यावर यायचं. निम्म्यावर आलं की हात मिळवायचे आणि आपापल्या माणसांत जाऊन आपणच जिंकलो म्हणून सांगायचं. ह्यात लबाडी काही नव्हती. दोघंही खरोखर निम्मे जिंकलेले असायचे.

ही विद्या घरातही मुरली. मुलाला एक बॅट हवी असली की तो दोन मागायचा. मला दिवाळीला एक साडी हवी असली की मी दोन सांगायची आणि वर माहेरी जायची धमकी द्यायची. हे सुरुवातीला म्हणायचे, 'एकही नाही.' मग चहा व्हायचा आणि साडी यायची. शेजाऱ्यांना वाटायचं, ह्या मराठी लोकांत रोज भांडणं होतात. भांडणं नव्हती हो, घर चालत होतं.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी ह्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो. त्या औषधाने त्यांच्या हातापायांच्या बोटांतली जाणीव गेली. थंड पाण्याला हात लागला की झिणझिण्या कोपरापर्यंत चढायच्या, आणि आमच्या इथली थंडी म्हणजे नळाचं पाणीही चावतं. ज्या माणसाने नुसतं बोट फिरवून सांगावं की हा दांडा अजून केसभर जाड आहे, त्याला शर्टाचं बटण लावता येईना. मी लावून द्यायची. तेवढा वेळ ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहायचे, जणू हे कोणा दुसऱ्याचंच बटण आहे.

एवढं सगळं सोसून झाल्यावर स्कॅन केला, तर लिव्हरमध्ये गाठी.

आमच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलापेक्षा लहान. केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ, आणि आडपडदा अजिबात नाही. त्यांनी खुर्ची ह्यांच्याकडे वळवली. मुलगा फोनवर स्पीकरवर होता, त्याच्याशी नाही बोलल्या, ह्यांच्याशीच बोलल्या. म्हणाल्या, "अंकल, अब ये बीमारी जड़ से नहीं जाएगी. एक और दवा है, सेकंड लाइन की. उससे बीमारी कुछ महीने धीमी पड़ सकती है, किसी-किसी में नहीं भी पड़ती. तकलीफ होगी. पेट चलेगा, कमज़ोरी रहेगी. आप न लेना चाहें तो भी मैं हूँ, दर्द का, भूख का, नींद का इलाज चलता रहेगा. घर जाकर सोचिए."

आता, घरी जाऊन विचार करा, हे आमच्या घराला सांगायची गोष्ट नव्हती. आमच्या घरी विचार कोणी करत नाही. आमच्या घरी बैठक होते.

बैठकीच्या आधी यात्रा झाली. कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरी लोक येतात ते भेटायला नाही, सांगायला येतात. एक वहिनी म्हणाल्या, साखर बंद करा. दुसरे एक काका म्हणाले, सगळंच बंद करा, फक्त उकडलेला भोपळा द्या. कॉलनीतल्या एका बाईंनी कसलीशी पानं आणली, ती सकाळी अनशापोटी चावायची होती, आणि चावताना मनात नकारात्मक विचार आणायचे नव्हते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही एक चावून दाखवा." तर त्यांना एकदम घरचं दूध गॅसवर असल्याचं आठवलं. आणि प्रत्येकाला एक माणूस माहीत होता, ज्याला डॉक्टरांनी दोन महिने दिले होते आणि तो बारा वर्षं जगला. ह्या माणसाला आजवर कोणी पाहिलेलं नाही, पण तो प्रत्येकाच्या मावशीच्या शेजारी राहतो.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी त्यात नागपूरहून माझ्या नणंदेची भर. ती व्हिडिओ कॉलवर रोज गव्हांकुराच्या रसाचा ग्लास दाखवायची आणि स्वतःच प्यायची. मुलाने पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'बाबा द फायटर'. त्यात रोज सकाळी सिंहाचं चित्र यायचं. सिंहाखाली लिहिलेलं असायचं की हार मानू नका.

ह्यांनी दोनचार दिवस ते सिंह पाहिले. मग मला म्हणाले, "ह्या पोरांना लढा म्हणजे काय ते माहीत नाही. लढा काय मरेपर्यंत करायचा असतो का? लढा टेबलावर येण्यासाठी करायचा असतो."

मी म्हटलं, "मग या ना टेबलावर. घ्या औषध."

"नाही घेत."

"काहून?"

"काम बंद," ते म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

मला आधी वाटलं, थट्टा करून राहिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं आणि बाहेर युनियनचे जुने सेक्रेटरी उभे. हे गृहस्थ पनागरचे, आता शेती बघतात, भाजी पिकवतात. हाताला मटारच्या शेंगांची पिशवी, मागे आणखी तीन-चार रिटायर झालेली डोकी. हे स्वेटर, मफलर, हातमोजे घालून फाटकाशी गेले आणि तिथेच उभं राहून हळूहळू बोलले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चाळीस वर्षांत मी ह्यांची गेटवरची सभा कधी पाहिली नव्हती. ती माझ्याच घराच्या गेटवर, माझ्याच विरुद्ध भरलेली बघायचं नशिबात होतं.

सेक्रेटरी आत येऊन म्हणाले, "भाभीजी, भैया ने नोटिस दे दी है. अब बात करनी पड़ेगी."

मी म्हटलं, "किससे बात करनी पड़ेगी?"

"आपसे. आप मैनेजमेंट हैं."

घ्या. जन्मभर ज्या मॅनेजमेंटला मी ह्यांच्या डब्यात पोळ्या भरता भरता शिव्या दिल्या, ती शेवटी मीच निघाले.

मुलगा रविवारी विमानाने आला. पुढच्या खोलीत बैठक बसली. एका बाजूला हे आणि सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला मी आणि मुलगा, आणि टीपॉयवर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये नणंद. मुलाने लॅपटॉप उघडला. त्याने सगळं काढून आणलं होतं, कोणतं औषध, कोणत्या गावात, कोणत्या पद्धतीने. तो इंग्रजीत सुरू झाला, मग हिंदीत आला, आणि बापाचा चेहरा पाहून शेवटी मराठीत घसरला. "बाबा, ट्रीटमेंट पूर्ण घ्यायची. अर्धवट नाही. पुण्याला चला, माझ्याकडे राहा."

हे म्हणाले, "काहीच घेणार नाही. कुठेच जाणार नाही."

"पण का?"

"बोटं गेली. आता पोट जाईल म्हणतात. उरलं काय मग माझ्याकडे? तुझा सिंह?"

मुलाने लॅपटॉप मिटला. मी तोंड मिटलं नाही. मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही, पण त्यात एवढं होतं की, तुम्हाला मरायची एवढी घाई असेल तर लग्नात तसं सांगायचं होतं. नणंद फोनमधून म्हणाली, "वहिनी, बीपी सांभाळा." मी फोन उलटा ठेवला.

खरं सांगते. मला तो माणूस जिवंत पाहिजे होता. कसाही. बोटं नसू देत, पोट नसू दे, अंथरुणाला खिळलेला असू दे, पण त्या खाटेवर असू दे आणि मला आतून हाक मारू दे. क्वालिटी-बिलिटी पुण्याच्या लोकांनी बघावी. मला फक्त असणं पाहिजे होतं. हे मी तिथे बोलले नाही, कारण मॅनेजमेंट आपल्या मनातलं टेबलावर ठेवत नाही, एवढं मी नवऱ्याकडूनच शिकले होते.

मग चहा झाला. चहा झाला की आमच्या घरात गोष्टी हलतात. सेक्रेटरींनी बशीत ओतून चहा प्यायला, घसा साफ केला, आणि म्हणाले, "देखिए, पूरा इनको मंज़ूर नहीं, कुछ नहीं आपको मंज़ूर नहीं. अपन बीच का देखें."

मुलगा म्हणाला, "बीच का मतलब?"

"मतलब आधा."

आणि विश्वास ठेवा, त्या खोलीत कोणालाही ह्यात वावगं वाटलं नाही. एम.टेक. झालेल्या माझ्या मुलाला नाही, पोस्टात उभा जन्म काढलेल्या मला नाही. उलट सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. निम्मं औषध! बरोबरच आहे. निम्मे डोस, तेही निम्म्या ताकदीचे, म्हणजे त्रासही निम्मा आणि आयुष्यही निदान निम्मं तरी वाढेल. मुलाने थोडी घासाघीस केली, ह्यांनी थोडी. अटी घातल्या गेल्या. गव्हांकुर बंद. सिंह बंद. रविवारी खव्याची जिलेबी, आणि त्यावर कोणी बोलायचं नाही. पुण्याचा विषय काढायचा नाही. त्या बदल्यात हे दर वेळी निमूटपणे हॉस्पिटलात येतील आणि सुई टोचताना नर्सला तिचे हक्क समजावून सांगणार नाहीत. हात मिळवले गेले. सेक्रेटरी हळू आवाजात जिंदाबाद म्हणाले. मी नणंदेचा फोन सुलटा केला आणि तिला सांगितलं की आम्ही जिंकलो. पलीकडे हे सेक्रेटरींना तेच सांगत होते.

त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दोन दिवसांनी आम्ही वरात घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हे, मी, मुलगा आणि सेक्रेटरी. खुर्च्या दोनच, त्यामुळे युनियन बसली आणि मॅनेजमेंट उभी राहिली. सेक्रेटरींनी समझोता सांगितला, नीट, मुद्देसूद, जिलेबीसकट. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ये तय किसने किया?"

"दोनों पक्षों ने," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "सर्वसम्मति से."

"और बीमारी? वो थी बैठक में?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. जणू तिला बोलवायचं राहिलं ही माझी चूक.

मग त्या बाईंनी समजावलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "डोस मैं कम करती हूँ, मरीज़ की ताकत देखकर करती हूँ, घर की सलाह से नहीं. आधी दवा में ऐसा हो सकता है कि तकलीफ पूरी हो और फायदा कुछ भी नहीं. थोड़े दिन लेकर देखना हो, फिर रुकना हो, वो भी होता है, उसमें कोई शरम नहीं. लेकिन उसके लिए अंकल का लेने का मन होना चाहिए." आणि ह्यांच्याकडे वळून विचारलं, "अंकल, आपका मन है?"

फॅक्टरीत ज्यांच्या आवाजाने मॅनेजर खिडक्या लावून घ्यायचे, ते हे. त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "इनसे पूछ लीजिए."

माझं तोंडच उघडलं नाही. बाहेर माणसं ताटकळत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुरुवारी या.

परतताना ऑटोत सेक्रेटरी फार चिडलेले होते. झालेला समझोता मोडला गेला, तो त्यांच्या कारकिर्दीला डाग होता. ते म्हणाले, "अपन ऊपर अपील करेंगे." मुलाने अपील केलंही, व्हिडिओवर, पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि जास्त वेळ घेऊन. मुलगा खोलीचं दार लावून बसला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, आणि त्याने आपणहून ग्रुपचं नाव बदलून नुसतं 'बाबा' केलं.

बुधवारी सकाळी सेक्रेटरी पुन्हा आले, पुन्हा मटार घेऊन. हे आंघोळीला होते. मी अंगणात सोलत बसले होते. सेक्रेटरी पायरीवर बसले, शेंग हातात घेतली, सोलली नाही.

"भाभीजी, एक बात कहूँ? भैया नाराज़ होंगे."

"कहिए."

"आधे की बात मेरी नहीं थी. भैया पहले दिन से आधे पर तैयार बैठे थे. गेट पर ही बोल दिए थे, कि मैं ना से शुरू करूँगा, तुम आधे पर ला देना."

मला कळेना. "मग काम बंद कायले केलं?"

सेक्रेटरींना माझं मराठी पुरेसं कळतं. ते म्हणाले, "दवा उनको लेनी नहीं है भाभीजी. ज़रा भी नहीं. पर बोले, सामने वाले को टेबल से खाली हाथ नहीं उठाते. तुम्हारी भाभी को कुछ तो मिलना चाहिए, कि मैंने लड़कर इतना करवाया. नहीं तो बाद में वो अपने को माफ नहीं करेगी."

मी मटार सोलत राहिले. मला राग आला. माझा राग नेहमी तोंडातून बाहेर पडून मोकळा होतो, हा झाला नाही. हा माणूस माझ्यासाठी विष प्यायला निघाला होता, आणि तेही निम्मं, वाटाघाटीच्या नियमात बसवून. मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटावं म्हणून शिरेत सुया खुपसून घेणार होता, पोट धरून संडासात बसणार होता, आणि मी बाहेरून म्हणणार होते, बघा, मी म्हटलं नव्हतं, घेतलं ते बरं झालं. आणि मी तसं म्हटलंही असतं. त्याचाच जास्त राग आला.

मुलाला स्वयंपाकघरात बोलावलं. त्याला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "आई, निदान थोडे दिवस ट्राय..." मग माझ्याकडे बघून थांबला. आम्ही मायलेक ओट्याला टेकून उभे होतो. तो लहानपणी रडायचा तसाच रडला, नाक ओढत, आवाज न करता. मग म्हणाला, "ठीक आहे. तू सांग त्यांना. मला नाही जमणार."

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही वाट बघत बसाल. चमत्कार झाला नाही. हे पुढच्या उन्हाळ्यात गेले, घरीच. मावशीच्या शेजारी राहणारा तो बारा वर्षं जगलेला माणूस आमच्याकडे आला नाही. मधले महिने काही सगळे गोड नव्हते. शेवटी शेवटी डोळे पिवळे झाले, पाय सुजले, दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या सांगितल्याप्रमाणे फोन उचलत राहिल्या. पण त्याच्या आधी हे सेक्रेटरींच्या नातीच्या लग्नाला पनागरला जाऊन आले, तिथे वाढप्यांना पाणी मिळालं नाही म्हणून केटररशी भांडले, भेडाघाटला जाऊन नर्मदेच्या काठावर बसून आले, आणि दर रविवारी जिलेबी खाल्ली. हे सगळं केमोत झालं असतं की नाही, मला माहीत नाही. ते कोणालाच माहीत नसतं. जे छातीठोक सांगतात ते उंटावरचे शहाणे.

पण मला सांगायचं आहे ते त्या बुधवारच्या दुपारचं.

हे अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी समोर वेताचा मोडा ओढून बसले. मनात जुळवलेलं सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "तुमची मागणी मान्य."

"कोणती?"

"काम बंद. औषध नाही. निम्मं नाही, पाव नाही, काही नाही. उद्या डॉक्टरीणबाईंना तुम्हीच सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आणि पोरगा?"

"तोही हो म्हणाला."

"अट काय?"

"अट नाही."

"अशी कशी अट नाही?"

"नाही म्हणजे नाही. पूर्ण मान्य. एकमताने."

मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. निदान मान तरी डोलावतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी चाळीस वर्षं तो चेहरा जिंकून आलेला पाहिला, हरून आलेला पाहिला, सस्पेंड होऊन आलेला पाहिला. हा मी कधी पाहिला नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या नोकरीत ह्या माणसाची मागणी कोणी पूर्ण मान्य केलेलीच नाही. नेहमी समोर कोणीतरी ओढून धरणारं असायचं. आता पलीकडे कोणी उरलं नव्हतं, आणि आपण नेमकं काय मागितलं होतं ते त्यांना आत्ता, त्या उन्हात बसून कळत होतं.

ते म्हणाले, "एवढं लवकर मानलं."

मी हात पुढे करून त्यांच्या स्वेटरचं राहिलेलं बटण लावलं.

"थोडं तरी अडून बसायचं होतंस."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मला म्हणायचं होतं की मी अडून बसले असते तर तुम्ही सुया टोचून घेतल्या असत्या, मला माहीत आहे सगळं, तुमच्या सेक्रेटरीने सांगितलं. पण ते मी बोलले नाही. मी म्हटलं, "बसलीच आहे मी अडून. फक्त तुम्हाला आडवी येणार नाही आता."

ऊन सरकलं तशी मी त्यांची खुर्ची थोडी पुढे ओढली आणि माझा मोडाही समोरून उचलून त्यांच्या शेजारी घेतला.